फाइलवाल्याला मी सांगितलं ते

८ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यात आधी टपकली ती शिंपीण. गळ्यात मोजायची टेप, दातात दोरा, म्हणजे बाई मशीनवरून उठली ती तशीच पळत सुटली. "मावशी, खरं का हो? नाही म्हणाले?" मी म्हटलं, "आधी दोरा काढ तोंडातला, गिळशील." तिच्या मागोमाग टायरवाला, मग टायरवाल्याची बायको, मग तिची बहीण. तिला तर मी ओळखतही नाही, पण रडायला सगळ्यात पुढं तीच. दुपारपर्यंत घरात बसायला खुर्ची उरली नाही. लग्नाला येत नाहीत इतकी माणसं नकाराला आली. दोनदा चहा टाकला. मला काय, मी खूश. घर भरलेलं मला आवडतं.

आता नकार कसला ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मीच वाचीन आणि मलाच कळायचं नाही. माझी नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, वीस वर्षांची. एक विमान कंपनी वीस पोरं निवडणार, आपल्या खर्चानं त्यांना विमान चालवायला शिकवणार आणि मग ती पोरं त्याच कंपनीची विमानं चालवणार. अर्ज म्हणे चार हजार. आमची भिंगरी आकड्यांच्या परीक्षेत पास, दोन हातांनी दोन दांडे हलवायच्या परीक्षेत पास, दहा जणांत बसून बोलायच्या परीक्षेत पास, एका कप्तानबाईनं तासभर उलटसुलट विचारलं त्यातही पास. शेवटी घरी येऊन माहिती घेतली आणि मग आलं पत्र. दोनच ओळी. निवड झालेली नाही, शुभेच्छा. का नाही, ते नाही.

पोर रडली नाही. पत्र वाचलं, घडी घातली, अंगणात गेली. आमचा धंदा जुन्या गाड्या मोडायचा, घरामागं सगळं अंगणच गाड्यांचं. तिनं मोठा घण उचलला आणि काल आलेल्या बसच्या काचा फोडायला लागली. एकेक. डावीकडच्या सहा, उजवीकडच्या पाच, मग पुढची मोठी. ती फुटेना, तर टपावर चढून वरून हाणली. मी स्टूल टाकून बघत बसले. काय तो हात! खांद्यापासून सरळ. तिच्या आजोबांचा हात. लोक त्यांना घणोबाच म्हणायचे.

एक खरं सांगते. पोर घरी राहिली, बरं झालं. आकाशात काय ठेवलंय? वर गेलं की खालीच यायचं, त्यासाठी शिकणं आणि करार धरून आठ वर्षं घर सोडायचं?

ही वही भिंगरीनंच आणून दिलीय. म्हणाली, "आजी, तुझ्या पोटात काही राहत नाही, निदान कागदावर तरी ठेव."

१० फेब्रुवारी, मंगळवार

शिंपीण म्हणते, घरी माहिती घ्यायला आलेल्या माणसानंच काहीतरी वाईट लिहिलं असणार. मी म्हटलं, छे! तो फाइलवाला फार चांगला माणूस. महिन्यापूर्वी आला तेव्हा घरात मी एकटीच. लेक लिलावात गाड्या बघायला गेलेला, सूनबाई दवाखान्यात, तिच्या मनगटाला पट्टी बांधायला. बिचारा चपला बाहेर काढून आत आला, पाणी दोनदा मागून प्यायला. मग म्हणाला, "आजी, मुलीचा स्वभाव कसा आहे?"

आता आजीला नातीचा स्वभाव विचारायचा म्हणजे नळ सोडून बादली ठेवायची. मी म्हटलं, वाघीण आहे वाघीण! शाळेत एका पोरीनं हिला डिवचलं, तर हिनं तिचं डोकं भिंतीवर आपटलं, टाके पडले. चौदाव्या वर्षी बापाचा पुढचा दात पाडला, एका बुक्कीत. अजून तो हसताना ओठ ओढून घेतो. राग आला की समोर कोण आहे ते बघत नाही, आमच्या घराण्याचा हातच तसा. असली पोर विमान चालवायला लागली तर कुणाची हिंमत आहे विमानात दंगा करायची? फाइलवाल्याचं पेन थांबेना. इतकं कौतुक मी माझ्या लेकाचंही कधी केलं नव्हतं. जाताना त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही फार मोकळ्या बोलता."

असा माणूस वाईट लिहील होय? आतल्या कुणाचा तरी वशिला असेल, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना तोंडाला तोंड लागलं. भिंगरी म्हणाली, जुलैत पुन्हा अर्ज करणार. लेकानं घास तसाच ठेवला. गेले आठ दिवस तो शीळ घालत फिरतोय, गॅसचा कटर तिच्या हातात दिला, म्हणाला, आता तू सांभाळ सगळं, फाटकावर तुझं नाव घालतो. आणि ही म्हणते अर्ज.

"एकदा तोंडावर दार आपटलं ना? पुन्हा नाक घेऊन जाणार?"

"माझं नाक, माझं दार. तुझ्यासारखं जन्मभर मेलेल्या गाड्यांची हाडं मोडत बसायचं नाहीये मला."

बसली कानाखाली. आवाज असा, की टायर फुटला असं वाटलं. ताट एकीकडं, काचेचा पेला फुटून दुसरीकडं, भिंगरी फ्रिजवर. सूनबाई उठली तर तिला ढकललं, ती खुर्चीसकट आडवी. मी आपली माझं ताट उचलून बाजूला झाले, नाहीतर त्यातही काचा गेल्या असत्या. मग तो हात धुऊन बाहेर गेला आणि कटर चालू केला.

मी भिंगरीला म्हटलं, "अगं, बापाची एक खाल्ली तर काय झिजतेस का? मी तुझ्या आजोबांच्या किती खाल्ल्या! माझा डावा कान लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सुट्टीवर आहे. पण प्रेम होतं हो त्यांचं. पुढच्या आठवड्यात मला चांदीची जोडवी आणली."

ती माझ्याकडं बघतच राहिली. 

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस मी हाक मारते, ही ढिम्म. मला वाटलं रुसलीय. मग बघितलं, उजवीकडून हाक मारली की वळते, डावीकडून नाही. उशीला पिवळट डाग. सूनबाई दवाखान्यात घेऊन गेली. कानाच्या पडद्याला भोक पडलंय म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? सूनबाई म्हणाली, बसच्या पायरीवरून पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पायरीला पाच बोटं होती का?"

तोंडाची फटकळच दिसते बाई. पण हुशार असावी. म्हणाली, आपोआप भरतो पडदा, सहा-सात आठवडे लागतात, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि पुन्हा मार लागता कामा नये. पुन्हा लागला तर मग सांगता येत नाही. भिंगरीनं विचारलं, विमानवाल्यांची तपासणी असते त्यात चालेल का? त्या म्हणाल्या, भरला तर चालेल, भोक असेल तर दारातूनच परत पाठवतील.

लेकाला हे सांगितलं. दुपारी कटरची ज्योत पेटवताना त्याच्याकडून चार काड्या वाया गेल्या. संध्याकाळी तिच्यासाठी लोकरीची कानटोपी घेऊन आला. तिनं ती ऑईलच्या डब्यात बुडवली, पेटवली आणि ट्रकच्या सीटवर टाकली. सीटही जळली. इतका धूर, की टायरवाला बादली घेऊन धावत आला.

१ मार्च, रविवार

सूनबाईचे कपडे फार सैल झालेत. रोज एक पिशवी भरून शिंपिणीकडं घेऊन जाते, दंडात आत घ्यायला म्हणे. काल तर हिवाळ्याची गोधडीही नेली. मी म्हटलं, "अगं, गोधडीला दंड कुठं असतो?" तर म्हणाली, "आई, कडा उसवल्यात." बारीक झालीय खरी. खायला पाहिजे तिनं.

भिंगरी रोज सकाळी मोडक्या ट्रकच्या केबिनमध्ये बसते. डाव्या हातात गिअरचा दांडा, उजव्या हातात पहारीचा तुकडा, तो तिनं स्प्रिंग लावून उभा केलाय. दोन्ही हात उलट्या दिशेनं हलवायचे आणि तोंडानं हिशेब करायचे. हिशेब विचारायला मी. "सतराला तेवीसनं गुण." "तीनशे एक्क्याण्णव." "शाब्बास." मला काय कळतंय, ती म्हणेल ते बरोबर. एकदा मुद्दाम म्हटलं, "चूक!" तर म्हणाली, "आजी, परीक्षेतही असंच करतात. आपलं बरोबर असताना चूक म्हणतात, आणि बघतात आपण चिडतो का."

"मग तू चिडलीस?"

"नाही. चिडले की पाढे म्हणते मनात. त्या दिवशी बाबानं मारलं तेव्हा एकोणतीसच्या पाढ्यात होते. एकोणतीस सक्कं एकशे चौऱ्याहत्तर, तिथपर्यंत आले आणि कानात शिट्टी सुरू झाली."

पोर हसली. मीही हसले. बाहेर लेक एका गाडीचं टप कापत होता, ठिणग्या काचेवर येऊन आपटत होत्या. केबिनमध्ये आम्ही दोघी. इतकं बरं वाटलं मला, की मनात आलं, तो पडदा भरायला जरा उशीरच झाला तर बरं. लिहून टाकते, कारण वहीला हात नसतो उगारायला.

९ मार्च, सोमवार

भिंगरी गप्प बसणारी नाही. नकाराचं कारण द्या म्हणून तिनं कंपनीला सात पत्रं घातली होती, आणि ती कप्तानबाई आहे ना, तिला तीनदा फोन. तिनं सांगितलं, घरच्या भेटीचा अहवाल मागवून घे, तुझा हक्क आहे. तो आज आला.

स्वयंपाकघरात उभी राहून तिनं मोठ्यानं वाचला. सगळं छान छान. आणि शेवटी: "घरच्या व्यक्तीने दिलेल्या माहितीनुसार उमेदवाराने शाळेत एका मुलीचे डोके भिंतीवर आपटले, तसेच स्वतःच्या वडिलांचा दात पाडला. राग आल्यावर समोर कोण आहे याचे भान राहत नाही. विमानाच्या जबाबदारीसाठी शिफारस करता येत नाही."

माझ्या हातात चहाची गाळणी होती. ती तशीच हातात राहिली, चहा उतू गेला.

भिंगरी बापाकडं वळली. "दात तुझा. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

"मी?" लेक म्हणाला. "पोरीनं माझा दात पाडला हे मी जगाला सांगत फिरेन? अगं, मी गाडीचा जॅक निसटला म्हणून सांगतो सगळ्यांना!"

"तुलाच मी इथं हवीय. तूच शीळ घालत होतास."

"मग हिनं सांगितलं असेल," म्हणाला, आणि सूनबाईचे केस धरले. डोकं मागं ओढलं, फ्रिजवर आपटलं, एकदा, दोनदा. "बोल, तूच ना? तूच ना?" ती म्हणत होती, "अहो, नाही हो, मी दवाखान्यात होते हो." मी दोन पावलांवर होते. माझ्या तोंडात शब्द होता. फक्त "मी" म्हणायचं होतं. एक अक्षर. ते मी म्हटलं नाही.

भिंगरीनं टेबलावरचा मोठा पाना उचलला आणि बापाच्या कपाळावर घातला. रक्त डोळ्यात, नाकात, शर्टावर. त्यानं सूनबाईला सोडलं आणि पोरीची गचांडी धरली, ओट्यावर दाबली, हात वर घेतला. मी ओरडले, "कान सांभाळ रे!" एवढंच ओरडले. तेवढ्यात सूनबाई दारामागची पहार घेऊन उभी राहिली. पंचवीस वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. म्हणाली, "अहो, एक पाऊल पुढं टाकलंत तर गुडघा जाईल तुमचा." नवऱ्याचा गुडघा फोडायला निघालेली बाई, पण अहोजाहो सोडलं नाही.

त्यानं टाकलं पाऊल. तिनं हाणली. गुडघा नाही, नडगी. बैलासारखा ओरडला.

सात टाके कपाळाला, पायाला प्लास्टर.

१० मार्च, मंगळवार

आज काही लिहीत नाही. फाइलवाल्यानं जाताना माझा हात हातात घेतला होता, ते आठवतंय.

१२ मार्च, गुरुवार

त्या रात्रीपासून दोघी घरी नाहीत. आज सूनबाईचं कपाट उघडलं. हँगर आणि डांबराच्या गोळ्या. मी किती मूर्ख म्हातारी. दंडात आत घ्यायला म्हणे!

शिंपिणीच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. जिना चढताना तीनदा बसले. वर सूनबाई गोधडीवर पडलेली, डोक्यामागं टेंगूळ. भिंगरी खिडकीत. शिंपीण इस्त्री फिरवत होती, मला बघून तिनं इस्त्री आपटली. "आता काय न्यायला आलात, मावशी?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. की मी सांगितलं. बापानं नाही, आईनं नाही. कौतुकानं सांगितलं. आणि सोमवारी सगळं समोर होत होतं तेव्हा मूग गिळून बसले.

 इस्त्रीखाली कापड जळल्याचा वास यायला लागला. भिंगरीनं विचारलं, अगदी हळू, "आजी, दात का पाडला ते सांगितलंस का त्याला?"

"नाही."

"का?"

"त्यात काय सांगायचं, असं वाटलं."

तिनं खुंटीवरचा पांढरा सदरा ओढला. मुलाखतीसाठी शिंपिणीनं शिवलेला. गळ्यापासून खालपर्यंत टरकावला. मग बाह्या उपटल्या, मग कॉलर. शिंपीण म्हणाली, "अगं, चार दिवसांची शिलाई माझी!" आणि मग तीच रडायला लागली. भिंगरीनं शेवटी भिंतीवर मूठ मारली, पुन्हा मारली, सांधे सोलले, भिंतीला लाल लागलं. ओठ हलत होते तिचे. पाढे म्हणत होती. सूनबाई उठून तिचा हात धरेपर्यंत एकोणतीसही संपले असतील.

मला कुणी बस म्हटलं नाही. मी उतरून आले.

१३ मार्च, शुक्रवार

लेकालाही सांगितलं. मला वाटलं, आता माझी पाळी. प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून तो बसला होता. ऐकलं, आणि हसायला लागला. पडलेला दात लपवायचंही विसरला. माझा हात ओढून गालाला लावला. "आई! तूच वाचवलंस गं मला! तू बोलली नसतीस तर पोरगी केव्हाच उडाली असती. दोघी येतील परत, जातील कुठं? त्या दोघींना नाही कळत, पण तू माझी खरी."

इतका खूश मी त्याला लहानपणी जत्रेतही बघितला नव्हता. सुनेला फ्रिजवर आपटून, पोरीचा कान फोडून हा खूश. आणि गेला महिनाभर मीही तशीच खूश होते. त्याच कारणासाठी. तो हसत होता तोवर मला ते कळलं, आणि माझा हात मी सोडवून घेतला.

दात का पडला ते इथं लिहून ठेवते. पोर चौदा वर्षांची, शाळेतून आली. बापानं आईचा हात गॅसच्या शेगडीवर धरला होता, जेवण करपलं म्हणून. शेगडी चालू होती. मी तिथंच बसून शेंगा सोलत होते. पोरीनं दप्तरही खाली ठेवलं नाही.

आणि शाळेतली ती पोरगी म्हणाली होती, "तुझी आई रोज पडते का गं?" म्हणून तिचं डोकं.

६ एप्रिल, सोमवार

भिंगरीनं निकालावर फेरविचाराचा अर्ज केला होता. शिंपीण भाजी घेताना भेटली. बोलायचं नव्हतं तिला, पण जिभेला हाड नाही, बोलली. कानाचा पडदा भरलाय. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय. आणि उद्या कंपनीची माणसं पुन्हा घरी येणार आहेत. माहिती जिथं घेतली तिथूनच पुन्हा घ्यायची, असा त्यांचा नियम आहे.

म्हणजे माझ्याकडून.

लेकालाही बातमी लागलीय. संध्याकाळी फाटकाला मोठं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात.

७ एप्रिल, मंगळवार

दहा वाजता आले. तोच फाइलवाला, आणि सोबत कप्तानबाई, उंच, केस अगदी बारीक कापलेले. फाटकाबाहेर उभं राहून हाका मारत होते. लेक मागं गाडी कापत होता. ऐकू येत होतं त्याला, तो कटर आणखी मोठा करत होता.

मी म्हटलं, "थांबा हं, पाहुणे, येतेच." मधला घण उचलला. मोठा आता माझ्याच्यानं उचलत नाही, सत्तर उलटलीत. पहिला घाव कुलपाला लागलाच नाही, फाटकाला लागला, हातात झिणझिण्या आल्या. दुसरा कडीवर. फाइलवाला म्हणाला, "आजी, राहू द्या, आम्ही नंतर येऊ." मी म्हटलं, "बाजूला सरक, डोळ्यात जाईल." चौथ्या घावाला कडी तुटून गटारात पडली. मला इतका आनंद झाला! या घरात माणसं मोडताना मी जन्मभर बघितली, माझ्या हातानं काही मोडलं ते हेच पहिलं.

आत बसवलं, चहा केला. फाइलवाल्यानं फाइल उघडली. मी म्हटलं, "मागच्या वेळी तू विचारलंस ते मी सांगितलं. खोटं नव्हतं. पण अर्धं होतं. आता मागचं अर्धं लिही." आणि सांगायला लागले. शेगडी. शेंगा. दप्तर. शाळेतली पोरगी. मनगटाची पट्टी, ज्यासाठी त्या दिवशी सूनबाई दवाखान्यात होती. फ्रिज. पाना का उचलला. आणि मी दोन पावलांवर गाळणी धरून उभी होते, तेही. कप्तानबाई पेन हातात धरूनच होती, लिहीत नव्हती. फाइलवाला लिहीत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

लेक कधी दारात येऊन उभा राहिला ते कळलं नाही. प्लास्टर निघालंय, लंगडतो अजून. तोंडावर काजळी. "आई, आत जा."

"चहा प्यायचा असेल तर बस. सांगून झालं की जाते."

"घरातलं घरात ठेवायचं असतं, एवढी अक्कल नाही तुला? स्वतःच्या लेकाची अब्रू..." आणि हात वर. माझ्यावर. पन्नास वर्षांचा माझा लेक.

मी म्हटलं, "मार. फक्त डावीकडून मार, तो कान तुझ्या बापानं आधीच वापरलाय. उजवा मला लागतो."

कप्तानबाई उठून मध्ये उभी राहिली. नुसती उभी राहिली, दोन्ही हात खाली सोडून. लेकाचा हात वरच. मग त्यानं तो कपाटावर घातला. काच फुटली, बशा खाली आल्या, मनगटातून रक्त उडालं ते फाइलवर पडलं. फाइलवाल्यानं कागद झटकला आणि लिहीतच राहिला. त्या माणसाला मी चांगला म्हणाले होते ते काही अगदीच चुकलं नव्हतं.

लेकाच्या हाताला मीच फडकं बांधलं. दुसरं कोण बांधणार? तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. मला त्याची दया आली, हे लिहायला हवं. पण फडकं बांधता बांधता मी बोलायची थांबले नाही, राहिलेलं सांगून टाकलं. चौथीपर्यंतची शाळा माझी, सही करायला वेळ लागला. पूर्ण नाव घातलं, माहेरच्या आडनावासकट.

जाताना कप्तानबाईला विचारलं, "बाई, आता घेणार ना पोरीला?" ती म्हणाली, "आजी, ते मला एकटीला ठरवता येत नाही. कदाचित यामुळं आणखी अवघड होईल. पण ती रागावर काय करते ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. आणि तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या मोठ्या साहेबांसमोर, तिच्या समोर, पुन्हा सांगाल?"

"तिच्या समोरच सांगायचं राहिलंय," मी म्हटलं.

पोर निवडली गेली तर जाईल. नाही निवडली तरी इथं येणार नाही, एवढं आता मलाही कळतं. मग या घरात मी आणि हा. बघू. काचा झाडल्या, कपाट पुसलं, बशांपैकी तीन धड निघाल्या. मोठ्या साहेबांना एक, कप्तानबाईंना एक, फाइलवाल्याला एक. भिंगरी बशीत पीत नाही.

लेक आतून ओरडला, "त्या दिवशी मी घरातच बसणार आहे!"

"बसच," मी म्हटलं. "तुला समोर बसवूनच सांगायचंय."

गुरुवारी, सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजता परत येतो म्हणालेत.